चौकोनी पुरावा

...थापाडी! मला थापाडी म्हणाले, आणि तेसुद्धा तोंडानं नाही हो, लेखी! अभिप्रायाच्या वहीत, निळ्या शाईत, खाली सहीसकट, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी प्रेमळ आहेत, परंतु थापा मारतात.’ म्हणजे आधी गालाला हात लावायचा आणि मग त्याच गालावर ठेवून द्यायची! एकोणीस वर्षं, तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षं मी त्या वस्तुसंग्रहालयात दुसऱ्या मजल्यावरच्या प्राण्यांच्या दालनात उभी आहे. उभी म्हणजे खरंच उभी! खुर्ची आहे, नाही असं नाही, पण खुर्चीत जरा शांत बसलं की लोक मलाही पेंढा भरलेली समजतात आणि जवळ येऊन पाटी शोधतात. एका बाईनं तर माझ्या पदराला हात लावून नवऱ्याला सांगितलं, ‘अहो, किती हुबेहूब केलीय!’ तेव्हापासून मी उभी.

आणि उभ्या उभ्या मी सांगते काय, तर पाटीवर जे लिहिलंय ते. त्यापुढं एक अक्षर नाही. आमच्या आधीच्या संचालक बाई, आता निवृत्त झाल्या, त्यांनी मला पहिल्या दिवशी हाताला धरून काचेकाचेपाशी नेलं होतं. म्हणाल्या, ‘मावशी, या पाट्या मी चार-चारदा तपासून लिहिल्यात. कोणी विचारलं तर यातलं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही.’ मला त्या बाईंचं इतकं पटलं ना... घरी कोणी इतक्या विश्वासानं दुधाचं पातेलंसुद्धा माझ्या हवाली करत नाही, आणि यांनी अख्खा व्हेल मासा दिला! मी सगळ्या पाट्या तोंडपाठ केल्या. पोळ्या लाटता लाटता पाठ केल्या. आणि तेव्हापासून आजपर्यंत माझा एकच अनुभव आहे, लिहून घ्या पाहिजे तर... खरं सांगितलं की लोकांना पटत नाही!

आता समुद्रघोडा घ्या. एवढेसे दोन जीव, बोटाएवढे, एका बरणीत तरंगतायत. एक बाई आल्या, सोबत मुलगी आणि नवाकोरा जावई. जावई म्हणजे अगदी इस्त्री मोडलेली नाही अजून. मुलीनं विचारलं, ‘मावशी, यातली मादी कुठली?’ मी म्हटलं, ‘ती बारकी. आणि हा पोट सुटलेला नर. मादी अंडी देते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत, आणि मोकळी होते. पुढं ती वाढवायची, सांभाळायची, आणि बाळंत व्हायचं, सगळं याच्या गळ्यात.’ झालं! जावयानं दोन्ही हात पोटावर घेतले. मुलगी हसायला लागली ती थांबेना. आणि सासूबाई माझ्यावर, ‘अहो, कोणासमोर काय बोलावं याला काही धरबंध? असं कुठं असतं का? पुरुषासारखा पुरुष बाळंत होईल?’ मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या जावयाला कोणी सांगितलंय का? घोड्याचं चाललंय!’ तर गेल्या आणि वहीत लिहून आल्या! घरी येऊन मी आमच्या सासूबाईंना सांगितलं, ऐंशी वर्षांची बाई, आठ बाळंतपणं झालेली. जगात एकट्या त्यांनी विश्वास ठेवला माझ्यावर. म्हणाल्या, ‘असेल गं. देवाला कुठंतरी एकदा अक्कल सुचली असेल.’

ऑक्टोपसच्या काचेपाशी एक जोडपं उभं. नुकतंच जमलेलं, बोटात बोट अडकवून. मी नुसतं म्हटलं, ‘याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं.’ मुलीनं बोट सोडवून घेतलं आणि मुलाला म्हणाली, ‘बघ! त्याला तीन-तीन आहेत, तुझ्याकडं एक धड नाही.’ आणि तरातरा निघून गेली खाली. आता यात माझा काय दोष? तक्रार कोणी केली? त्या मुलानं! ‘मावशींनी चुकीची माहिती देऊन नुकसान केले.’ अहो, नुकसान तीन हृदयांनी नाही झालं, एका हृदयानं झालं, त्याचं तू बघ! मग तो विमा एजंट. एक बारीकसा जेलीफिश आहे, नखाएवढा, म्हातारा झाला किंवा जखमी झाला की उलटा फिरतो आणि परत बाळपणात जातो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे मी सांगितलं तर एजंट माझा हात धरून बाजूला घेऊन गेला, ‘मावशी, असं चारचौघात बोलू नका. आधीच लोक हप्ते भरत नाहीत.’ आणि जाता जाता वहीत लिहून गेला! आणि तारामासा! तारामाशाला मेंदूच नसतो. एक गळ्यात ओळखपत्र अडकवलेले गृहस्थ म्हणाले, ‘मेंदू नाही आणि खातो, पितो, हिंडतो? अशक्य.’ मी म्हटलं, ‘साहेब, मी एकोणीस वर्षं नोकरी करतेय, शक्य आहे.’ तर ‘उद्धट’ असं लिहून गेले. त्या एका तक्रारीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते बोललेच मी.

पण खरा दणका दिला तो मास्तरांनी. भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर, हातात छत्री, खिशात पेन्सिल. वॉम्बॅटपाशी आले. वॉम्बॅट म्हणजे... तुम्ही पाहिला नसेल, माझ्याकडं आहे एक, अस्वलाच्या लहान भावासारखा दिसतो, गोलमटोल, लाजाळू, पेंढा भरून पन्नास वर्षं झाली तरी लाजतोच आहे. आता याचं वैशिष्ट्य काय? सांगू का? जेवून आलात ना? हा प्राणी शी करतो ती चौकोनी! चौकोनी म्हणजे ठोकळे हो, सहा बाजू, आठ कोपरे, फाशासारखे ठोकळे. हसू नका! पाटीवर आहे! मास्तर म्हणाले, ‘अहो, मार्ग गोल आणि वस्तू घन? भूमितीला हे मान्य नाही.’ मी म्हटलं, ‘मास्तर, त्याला कुठं पेपर द्यायचाय? त्याच्या आतड्याची भिंत काही ठिकाणी ताठ असते आणि काही ठिकाणी सैल, त्यानं आतल्या आतच कोपरे पडतात.’ हे तर आमच्या ह्यांनासुद्धा कळलं, आमचे हे शिंपी आहेत, सुरुवातीला तेही म्हणाले होते, ‘कापल्याशिवाय कोपरा निघत नाही,’ पण मग मी कमरेच्या पट्टीतलं इलॅस्टिक अर्धं ताठ अर्धं सैल धरून दाखवलं तेव्हा जरा गप्प बसले. पटलं नाही, गप्प बसले. मास्तर गप्प बसणाऱ्यातले नव्हते. चार पानी तक्रार! आकृतीसकट! शेवटी ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ असंसुद्धा लिहिलेलं!

आणि आता मी तुम्हाला एक गोष्ट कबूल करते. एकोणीस वर्षांत मी थाप मारली ती एकदाच. दालनाच्या दाराशी मोठं अस्वल आहे ना, त्याचा डावा डोळा नाही. का नाही? तर मागच्या वर्षी व्हॅक्यूमच्या नळीनं धूळ काढत होते, फुर्रकन् आवाज झाला आणि डोळा आत! पिशवी उलटी केली, सगळी धूळ बोटांनी चिवडली, एक रुपयाचं नाणं निघालं, दोन पिना निघाल्या, डोळा काही निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेची सहल आली. एक चिमुरडी, दात पडलेली, म्हणते, ‘मावशी, याचा डोळा कुठंय?’ आता लेकराला काय सांगू, पिशवीत गेला? माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘वाघाशी झुंज झाली बाळा. तीन दिवस, तीन रात्री. डोळा गेला पण याच्या गुहेत पिल्लं होती, म्हणून मागं हटलं नाही.’ अहो, वर्गाच्या बाईंनी डोळे पुसले! आठवड्यात पत्र आलं, ‘आपल्या मावशी म्हणजे चालतंबोलतं ज्ञानभांडार,’ सोबत बेचाळीस चित्रं, बेचाळीस अस्वलं, सगळी एका डोळ्याची. आमच्या नव्या संचालक साहेबांनी ते पत्र चौकट करून भिंतीवर लावलं. बघा म्हणजे... पाटीवरचं सांगितलं तर थाप, आणि थाप मारली तर ज्ञानभांडार! म्हणून म्हणते, खरं सांगितलं की लोकांना पटत नाही!

तर मास्तरांची चार पानं गेली साहेबांकडं. साहेब नवे, दीड वर्ष झालं, त्यांना सगळं ‘सुटसुटीत’ लागतं. मला बोलावलं. ‘हे बघा मावशी, पाच तक्रारी म्हणजे जरा सुटसुटीत होत नाहीये. सोमवारी चौकशी ठेवू. तुमचं म्हणणं काय ते पुराव्यानिशी मांडा. नाहीतर मग आपण तुम्हाला खाली छत्र्यांकडं बसवू.’ छत्र्यांकडं! जिन्याखाली! येणाऱ्यांच्या छत्र्या आणि पिशव्या घ्यायच्या आणि बिल्ला द्यायचा! मी घरी येऊन भांड्यांवर राग काढला. हे म्हणाले, ‘बसून काम आहे, गुडघ्यांना बरं.’ म्हटलं, गुडघ्यांना बरं असेल हो, मला बरं नाही! रडले मी, खोटं कशाला सांगू. माझा व्हेल, माझा समुद्रघोडा, माझं एका डोळ्याचं अस्वल. रोज सकाळी पडदे उघडले की मीच पहिली त्यांना दिसते. आणि दालन गेलं तर गेलं, पण जायचं ते थापाडी म्हणून? त्या मोठ्या बाईंनी चार-चारदा तपासलेलं ज्ञान माझ्या तोंडून खोटं ठरायचं?

पण मी पण काही कच्च्या गुरूची चेली नाही. मला आठवलं, वॉम्बॅटच्या काचेत पूर्वी एक बरणी होती. आत खरे ठोकळे! चार नग, वाळवून, वर वॉर्निश चढवून दगडासारखे केलेले, परदेशातून आलेले. मग कोणीतरी नाक मुरडलं म्हणून बरणी भांडारात गेली. म्हटलं, आणते ती बरणी आणि ठेवते साहेबांच्या पुढ्यात, घ्या पुरावा, मोजा कोपरे! गेले तळघरात, भांडारकाकांकडं. मी त्यांना काका म्हणते, ते मला मावशी म्हणतात, आमचं आपसात नातं काय लागतं ते काढायला आम्ही कधी बसलो नाही. माणूस देवमाणूस. चार महिन्यांनी निवृत्त. एकच अभिमान, ‘माझ्या भांडारात काही वाया जात नाही.’ मोरपिसांनी जाळी काढतील, फुटक्या शिंपल्यात खिळे ठेवतील. म्हटलं, ‘काका, ती वॉम्बॅटची बरणी?’ तर बरणी काढली. बरणीत साखर! चहाची साखर!

मी म्हटलं, ‘यातले ठोकळे कुठंयत?’ ‘ते होय!’ काका खूश. ‘बरणीची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. आत चार ठोकळे, काय सुंदर लाकूड, काय घोटाई! नुसते पडून होते. साहेबांचं ते मोठं टेबल आलं ना, चारही पाय आखूड, खुर्चीचे हात आत जाईनात. मी म्हटलं नवीन कशाला आणायचं... एकेका पायाखाली एकेक. असं बसलंय मावशी, जरा म्हणून हलत नाही!’

तुम्हाला सांगते, मी त्या साखरेकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि पोत्यावर बसले. मग त्यांना सांगितलं की काका, ते लाकूड नाही. काय आहे ते सांगितलं. काका आधी हसले. मग हातातल्या चहाच्या कपाकडं बघितलं. मग पांढरे पडले. ‘मावशी... साहेब तिथं डबा खातात हो. पाहुण्यांना चहा देतात. चार महिने राहिलेत माझे. चौतीस वर्षांत एक मेमो नाही. तुमच्या पाया पडतो, कुठं बोलू नका.’ आता आली का पंचाईत! पुरावा आहे, तोही साहेबांच्या पायाशी आहे, आणि तोंड उघडलं की या भल्या माणसाच्या सोन्यासारख्या नोकरीला शेवटच्या घटकेला शेण... म्हणजे शेणच! मी म्हटलं, ‘नाही बोलणार काका.’

सोमवार. साहेब टेबलापलीकडं, मी अलीकडं उभी, आणि काकांना पण बोलावलेलं, भांडारात काही पुरावा आहे का ते सांगायला. टेबल असलं मजबूत, साहेब दोन्ही कोपरं टेकवून वाचतायत. समुद्रघोडा वाचला. ‘पुरावा?’ म्हटलं पाटी आहे. ‘पाटी तर कोणीही लावेल, मावशी.’ ऑक्टोपस वाचला, जेलीफिश वाचला, मान हलवत हलवत. मग मास्तरांची चार पानं. आकृती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली. ‘आता हे काय, मावशी? चौकोनी? तुम्ही कधी बघितलेत डोळ्यांनी?’ मी टेबलाच्या पायाकडं बघतेय. काका माझ्याकडं बघतायत. म्हटलं, ‘बघितलेत.’ ‘मग कुठंयत?’ मी पदर सारखा केला. साहेब काकांकडं वळले, ‘भांडारात आहेत का हो?’ काका म्हणाले, ‘भांडारात... नाहीत साहेब.’ बघा, तो बिचारासुद्धा खोटं बोलला नाही! मग साहेब मागं रेलले, चष्मा काढला आणि अगदी मायेनं म्हणाले, ‘मावशी, वय झालं आता. माणसानं एकदा तरी खरं बोलावं.’

एकदा तरी! मला म्हणाले, एकदा तरी! मग माझं डोकंच फिरलं. काकांना दिलेला शब्द, चार महिने, सगळं कुठल्या कुठं गेलं, मी बोट दाखवून म्हटलं, ‘तुमच्या टेबलाखाली आहेत! चारी पायांखाली! दीड वर्ष त्यावर कोपरं टेकून सह्या करताय, डबा खाताय, वाका आणि मोजा किती कोपरे आहेत ते!’

खाली जिन्याखाली कोणाची तरी छत्री पडली, तीसुद्धा वर ऐकू आली. काकांनी डोळे मिटले. साहेब उठले, गुडघ्यावर बसले, टेबलाखाली वाकले, पेननं एका ठोकळ्यावर टकटक केलं. आणि हसायला लागले! असे हसले, असे हसले की वर येताना डोकं आपटलं तरी हसतायत. ‘मावशी! धन्य आहात! अहो, काय सुचतं तुम्हाला! माझ्या टेबलाखाली!’ रुमालानं डोळे पुसले. ‘नाही नाही, असली प्रतिभा छत्र्यांमध्ये वाया घालवायची नाही. ते अस्वलाचं पत्र आहेच. तुम्ही दालनातच राहा, लोकांना छान छान गोष्टी सांगा. फक्त मास्तरांसारख्यांना सांगताना एवढं म्हणा की ही गंमत आहे.’ आणि अस्वलाला पितळी पाटी लावायचा हुकूम निघाला, ‘वाघाशी झालेल्या तीन दिवसांच्या झुंजीत डावा डोळा गमावलेले अस्वल.’ पितळेची! व्हेलला सुद्धा लाकडाची आहे!

म्हणजे बघा, मी गेले होते खरी ठरायला, आणि थापाडी ठरले म्हणून दालनात राहिले. आनंद करू का सुतक पाळू? काकांनी बाहेर आल्यावर मला चहा आणून दिला. म्हटलं, बिनसाखरेचा द्या. म्हटलं, ‘काका, माफ करा, शब्द मोडला.’ तर ते म्हणतात, ‘मोडलात कुठं? कोणाला पटलं?’

आणि गेल्या आठवड्यात... काकांचा निवृत्तीचा समारंभ अगदी तोंडावर आलेला, साहेबांच्या खोलीत गालिचा धुवायला टेबल उचललं. मी तिथं पडदे काढत होते. एक ठोकळा घरंगळत आला. साहेबांनी उचलला. तळहातावर घेतला, गोल फिरवला, उजेडात धरला, अंगठ्यानं घोटला, आणि देवाशप्पथ सांगते, नाकाशी नेऊन वास घेतला! दारात काका, हातात हारतुऱ्यांची यादी, जागच्या जागी थिजलेले. साहेब म्हणतात, ‘काय घोटाई आहे हो! हा मी टेबलावर कागद दाबायला ठेवणार. मावशी, त्या दिवशी याला काय म्हणाला होतात तुम्ही? थट्टा पुरे झाली. आता खरं सांगा, कुठलं लाकूड आहे हे?’

मी काकांकडं बघितलं. मोठ्या बाईंची मनातल्या मनात माफी मागितली. म्हटलं, ‘शिसव, साहेब.’

साहेबांनी ठोकळा कागदांवर ठेवला, माझ्याकडं बघून समाधानानं मान डोलावली, आणि म्हणाले, ‘बघा मावशी... खरं सांगितलं की माणसाला कसं लगेच पटतं!’